मराठी शब्दकार्डांचा संच : जूनपासून वापरल्यावर

जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात जळगावच्या फुले मार्केटमधून मराठी शब्दकार्डांचा एक संच आणला. घरात शिकणारी मुलं दोन. माझी लेक मोठ्या गटात आहे आणि पुतण्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत. तेव्हापासून संध्याकाळी दिवे लागले की आम्ही ही कार्डं घेऊन बसतो. अमळनेरला आमच्या गल्लीतल्या आया विचारतात, घ्यावा का हा संच? माझं उत्तर असं : घ्या, पण दुकानातून येतो तसाच वापरू नका.

आत पोस्टकार्डाएवढी शंभर कार्डं आहेत. वर रंगीत चित्र, खाली ठळक अक्षरांत शब्द. सोबत दहा कोरी कार्डं. किंमत २५० रुपये. पुठ्ठा जाड आहे, वरून लॅमिनेशन आहे. तेलकट हात लागले तरी ओल्या फडक्याने पुसता येतात. कोपरे दिवाळीपर्यंत सुटायला लागले, पण शब्द अजून कोरे करकरीत आहेत. टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती मांडणीबद्दल. चित्र आणि शब्द एकाच बाजूला छापलेत. पहिल्याच आठवड्यात लेक सगळी कार्डं धडाधड म्हणायला लागली आणि घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी वाचते. चित्रावर तळहात ठेवला की मात्र गप्प. चित्र समोर असताना मूल शब्दाकडे बघेलच कशाला? यावर उपाय सोपा निघाला. घरात लग्नपत्रिकांची जाड पाकिटं होती. कार्ड वरच्या बाजूने पाकिटात सरकवायचं, म्हणजे चित्र आत जातं आणि फक्त शब्दाची पट्टी बाहेर राहते. मूल आधी शब्द वाचतं, मग कार्ड ओढून चित्र बघतं आणि आपलं बरोबर आलं का ते स्वतःच ठरवतं. चित्राचं काम आता उत्तर तपासण्याचं झालं. एवढ्या एका बदलाने या संचाचे पैसे वसूल झाले.

चित्राचं जे, तेच बिस्किटाच्या पुड्याचं. दुकानातला पुडा बघून मूल नाव सांगतं, आणि आपण त्याला वाचन म्हणतो. लिनिया एरी या अमेरिकी संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्ये हेच तपासलं होतं. ओळखीच्या पाट्या आणि वेष्टणं भराभर सांगणाऱ्या लहान मुलांना त्यांनी ‘पेप्सी’चं पहिलं इंग्रजी अक्षर ‘पी’ बदलून तिथे ‘एक्स’ केलेलं दाखवलं. बहुतेक मुलांच्या ते लक्षातही आलं नाही. मुलं रंग आणि वळण ओळखत होती, अक्षरं नाही. मी लेकीच्या आवडत्या बिस्किटाचं नाव कोऱ्या कार्डावर काळ्या मार्करने लिहून दाखवलं, तर तिने ते अनोळखी शब्दासारखं पाहिलं.

म्हणून आख्खा शब्द आकारावरून पाठ करून घेण्यावर माझा विश्वास नाही. इंग्रजीत त्याला काही कारण तरी आहे. तिथे रोजच्या वापरातले कितीतरी शब्द लिहितात एक आणि वाचतात एक, आणि १९३६ साली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी काढलेली २२० शब्दांची यादी आजही मुलांकडून नजरेने ओळखून घेतात. मराठीत अक्षर कळलं, काना-मात्रा कळली की शब्द बहुतेक हाती येतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यातला ‘च’ वेगळा, असे अपवाद मुलं बोलण्याच्या सवयीने आपोआप सावरतात. शिवाय आपल्या शब्दांवर शिरोरेघ असते. लांबून ‘मळा’, ‘माळ’ आणि ‘माळा’ सारखेच दिसतात. नुसत्या आकारावर विसंबणारं मूल इथे हमखास अडतं. कोरी कार्डं मी अशाच जोड्यांसाठी वापरली : कळ-काळ, वर-वार, दिवा-देव. मुलं कान्यापाशी थांबायला शिकली ती या घरच्या कार्डांवर.

संचातला क्रम वर्णमालेचा आहे, तोही मी मोडला. सुरुवातीलाच ऋषी आणि ऐरण कशाला हवेत? ऐरण लेकीने कधी पाहिलेली नाही, तेव्हा शब्द उलगडला तरी हाताला काही लागत नाही. यज्ञ, क्षत्रिय ही कार्डंही डब्यात तळाशी गेली. आधी बिनकान्याचे शब्द काढले : घर, नख, मगर, बदक, कमळ, गवत. ते बसल्यावर काना. ऱ्हस्व वेलांटीला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची असते अक्षराच्या नंतर. तिथे घाई करू नका.

छपाईतली एक गोष्ट खटकली. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिलेले आहेत. शाळेच्या फळ्यावर एक ‘ल’ आणि कार्डावर दुसरा, यात पुतण्या बरेच दिवस गोंधळला. मोठ्यांना हे किरकोळ वाटेल, पण अक्षर नुकतंच ओळखू लागलेल्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. मराठी म्हणून विकायचा संच मराठी अक्षरांत छापायला हवा.

आता खास आपल्याकडची गोष्ट. घरात सासूबाई अहिराणी बोलतात, मुलंही त्यांच्याशी तसंच बोलतात. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याचं कार्ड दाखवून सासूबाईंनी विचारलं, “हाई काय शे?” लेक म्हणाली, “डोया.” यात चूक काहीच नाही, आणि ते सुधारायला मी कुणाला देणारही नाही. पण यातून मला एक खूण सापडली. ती चित्र बघून बोलते तेव्हा ‘डोया’ म्हणते. शब्दाखाली बोट सरकवत वाचते तेव्हा शेवटी थबकते आणि ‘डोळा’ म्हणते. वाचन खरं चाललंय की नाही हे मला त्या ‘ळ’वर कळायला लागलं. शाळेचं कार्डही तसंच : बोलताना ‘शाया’, वाचताना ‘शाळा’. मी तिला एवढंच सांगितलं, आजीशी बोलताना डोया, कागदावर डोळा, दोन्ही आपलेच. तिला ते लगेच पटलं.

‘ळ’ची कार्डं संचात थोडीच आहेत. उरलेला सराव बसस्टँडवर झाला, कारण आपल्या भागातल्या गावांची नावं ‘ळ’ने भरलेली आहेत : अमळनेर, जळगाव, धुळे, पारोळा, भुसावळ, चाळीसगाव. एसटीची पाटी बिस्किटाच्या पुड्यासारखी नसते. सगळ्या गावांच्या पाट्या एकसारख्याच, ओळखायला चित्र नाही की वेगळा रंग नाही, त्यामुळे अक्षरं वाचण्याशिवाय गत्यंतर नाही. घरात ‘धुयं’ म्हणणारी लेक पाटीवर ‘धुळे’ वाचते. परत आलो की तीच नावं कोऱ्या कार्डांवर लिहितो.

आजची स्थिती सांगते. लेक काना आणि वेलांटीचे दोन-तीन अक्षरी नवे शब्द, म्हणजे संचात नसलेलेही, वाचते. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात बालवाटिकेसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, साधारण एवढीच अपेक्षा आहे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द. पहिलीसाठी चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य, आणि तिथे पुतण्या पोचलाय. जोडाक्षरांना तो अजून अडतो आणि त्यासाठी या संचात फारसं काही नाही.

अक्षरओळख नुकती सुरू झालेल्या मुलासाठी हा संच जरूर घ्या. तीन वर्षांच्या मुलासाठी घेऊ नका, त्याला चित्रांच्या गोष्टी वाचून दाखवा. जे मूल वाक्यं वाचू लागलंय त्यालाही याची गरज नाही. कोरी कार्डं लवकर संपतात आणि वेगळी विकत मिळत नाहीत. तेव्हा कार्डशीट आणून त्याच मापाची कापून ठेवा, म्हणजे पाकिटात नीट बसतात.