एडिंबरा पायी फिरण्याचं ऑडिओ ॲप: हिवाळा आणि उन्हाळा वापरून झाल्यावर

गेल्या महिन्यात कार्डावरून चाळीस पौंड परस्पर गेले. ऑडिओ ॲपची वर्षाची वर्गणी आपोआप पुढे चालू झाली होती. आधी ना मेल, ना फोनवर सूचना. मी लिहून विचारलं, पैसे परत कसे मिळतील? उत्तर आलं, फोन बंद करून पुन्हा चालू करा आणि लोकेशनची परवानगी तपासा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. वाद मिटलेला नाही म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. अनुभव मात्र सविस्तर लिहितेय, कारण इकडे नव्याने येणारे आपले लोक पहिल्याच आठवड्यात असं काहीतरी विकत घेतात आणि सवलत दिसते म्हणून थेट वर्षाचं घेतात.

या ॲपांची पद्धत आता सगळ्यांना माहीत आहे: फोन खिशात, इअरफोन कानात, ठरलेल्या जागी पोचलं की आवाज आपोआप सुरू. निवेदन उत्तम आहे, हे आधीच सांगते. बाईंचा आवाज शांत, माहिती भरपूर, मध्ये उगाच संगीत नाही. शहराबद्दल तर प्रश्नच नाही. जुनं आणि नवं एडिंबरा १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि २००४ मध्ये युनेस्कोनं जगातलं पहिलं साहित्यनगर म्हणून याच शहराची निवड केली. पायी फिरायला याहून चांगलं शहर मी पाहिलेलं नाही.

माझी तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. गल्लीत शिरलं की ॲप मुकं होतं.

ज्यांनी एडिंबरा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत एक सरळ उतरता रस्ता आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यासारख्या अरुंद गल्ल्या खाली उतरतात. इथे त्यांना क्लोज म्हणतात. दगडी घरं सहा-सात मजली, मागच्या उताराच्या बाजूने मोजलं तर त्याहूनही उंच. जीपीएसला डोक्यावर मोकळं आकाश लागतं. इथे उपग्रहाचा सिग्नल थेट येत नाही, भिंतीवर आपटून येतो, आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या रस्त्यावर आहोत.

अँकर क्लोजमध्ये जानेवारीत काय झालं ते सांगते. ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या पहिल्या आवृत्तीचा संपादक विल्यम स्मेली, त्याचा छापखाना याच गल्लीत होता. रॉबर्ट बर्न्सच्या कवितांची १७८७ची एडिंबरा आवृत्ती इथेच छापली गेली. बर्न्स छापखान्यात येत असे, आणि याच गल्लीतल्या गुत्त्यात स्मेलीच्या मंडळींची बैठक असे, तिथे त्यालाही ओढून नेलं. म्हणजे ज्या जागेसाठी असं ॲप घ्यायचं, तीच ही जागा. मी भिंतीला हात धरून उतरत होते, कारण पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. वर दोन भिंतींमध्ये आकाशाची हातभर पट्टी. दहा मिनिटं थांबले, कानात काही नाही. फोन काढून बघितला तर नकाशावरचा माझा निळा ठिपका हाय स्ट्रीट, म्हणजे वरचा तोच मुख्य रस्ता ओलांडून सेंट जाइल्स चर्चच्या आवारात गेलेला, आणि तेवढ्यात बाईंनी धर्मसुधारक जॉन नॉक्सची प्रवचनं सांगायला सुरुवात केली. स्मेलीबद्दल एक अक्षर नाही. ओल्या बोटाने पडदा चालेना, हातमोजे काढले तर बोटं गारठली. तशीच वर आले.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. पण एडिंबराचं वाङ्मय या गल्ल्यांतच राहत होतं. जेम्स क्रेगनं १७६७ मध्ये नव्या शहराचा आराखडा केला, त्यानंतर हळूहळू पैसेवाले तिकडे गेले. तोवर वकील, शिंपी, सरदारीणबाई आणि हमाल एकाच जिन्याला राहत, फक्त मजले वेगळे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आधी रिडल्स कोर्टात, मग जेम्स कोर्टात. त्याच जेम्स कोर्टात पुढे चरित्रकार बॉस्वेल राहिला आणि १७७३च्या ऑगस्टमध्ये त्याच्याकडे इंग्रजी शब्दकोशवाले डॉ. जॉन्सन उतरले. बर्न्स १७८६च्या नोव्हेंबरमध्ये शहरात आला तो बॅक्स्टर्स क्लोजमध्ये मित्राच्या खोलीत. हे सगळं मुख्य रस्त्याच्या लॉनमार्केट नावाच्या एकाच छोट्या पट्ट्यात आहे. तिथे ॲपचे थांबे इतके दाटीवाटीने लावलेत की ह्यूमचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि बर्न्स सुरू होतो, दोन पावलं मागे आलं की ह्यूम पुन्हा पहिल्यापासून. मुख्य रस्त्यावर, जिथे पाट्या आणि पुतळे आपणच सगळं सांगतात, तिथे ॲप अखंड बोलतं. पैसे आपण कशाचे देतो, गल्लीचे की रस्त्याचे?

लेडी स्टेअर्स क्लोजमधल्या लेखक संग्रहालयाचंही तेच. १६२२चं घर, बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन या तिघांना वाहिलेलं, प्रवेश फुकट. जिन्यातली एक पायरी मुद्दाम कमीजास्त उंचीची ठेवली आहे, रात्री चोर आला तर अडखळावा म्हणून. आत एक लाकडी कपाट आहे. ते स्टीव्हन्सनच्या लहानपणी त्याच्या खोलीत होतं, आणि बनवलेलं होतं डीकन, म्हणजे कारागिरांच्या संघाचा प्रमुख, विल्यम ब्रॉडीनं. हा ब्रॉडी दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि नगरपरिषदेचा सभासद, रात्री घरं फोडणारा. १७८८ मध्ये फासावर गेला. त्याचं घर रस्त्याच्या पलीकडे, ब्रॉडीज क्लोजमध्ये. त्या कपाटाशेजारी झोपणाऱ्या मुलाने पुढे १८८६ मध्ये जेकिल आणि हाइडची, एकाच माणसाच्या दुहेरी आयुष्याची गोष्ट लिहिली. कपाटासमोर मी बराच वेळ उभी होते. दरवाज्याचा सांधा बघा, इतका नेमका आहे की अजून हात फिरवावासा वाटतो. ॲपमध्ये ब्रॉडीवर वेगळा भाग आहे, पण तो या कपाटापाशी वाजत नाही, कारण घराच्या आत सिग्नल नाही. मला ही गोष्ट संग्रहालयाच्या पाटीवरून कळली, एक पेनी न देता.

तोपर्यंत मी ठरवलं होतं की एक तारा द्यायचा आणि मोकळं व्हायचं. जूनमध्ये बाबा साताऱ्याहून आले आणि मत थोडं बदललं.

बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून गल्ल्यांचा नाद सोडून आम्ही कॅननगेटकडून, म्हणजे खालच्या बाजूने सुरुवात केली. तिथे रस्ता रुंद, चर्चचं आवार मोकळं, वर भरपूर आकाश. ॲप एकदाही चुकलं नाही. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. फाटकाबाहेर रॉबर्ट फर्ग्युसनचा पुतळा फुटपाथवरून चालत निघाल्यासारखा आहे. हा कवी १७७४ मध्ये चोविसाव्या वर्षी वेड्यांच्या इस्पितळात वारला, आणि कबरीवर दगडसुद्धा नव्हता. बर्न्स त्याला आपला वडील भाऊ मानत असे. एडिंबरात आल्यावर त्यानं चर्चकडे परवानगी मागितली आणि स्वतःच्या खर्चाने दगड बसवला, त्यावर स्वतः रचलेल्या ओळी कोरवल्या. बिल साडेपाच पौंडांचं. ज्याला काम दिलं त्याने ते करायला दोन वर्षं लावली, आणि बर्न्सनं एका पत्रात लिहिलं की मीही पैसे द्यायला दोन वर्षं लावली, तेव्हा आमची फिटली.

बाबा तिथेच थांबले. "अगं, हे पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "फिट्टंफाट म्हण की! पण मनाचा मोठा हो माणूस. स्वतःच्या अंगावर धड कोट नसताना दुसऱ्या कवीच्या थडग्याचा खर्च." मग त्यांनी चष्मा वर सरकवून दगडावरच्या ओळी एकेक अक्षर लावत वाचल्या, मी अर्थ सांगत गेले. त्याच आवारात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथची कबर आहे, तिथेही बाईंनी छान सांगितलं, पण बाबांचं लक्ष फर्ग्युसनकडेच होतं. ही अर्धी दुपार ॲपनेच दिली, हे मान्य करते.

दुसऱ्या दिवशी हायस्कूल यार्ड्सला नेलं. तिथली १७७७ची शाळेची इमारत उभी आहे. वॉल्टर स्कॉट त्या शाळेचा विद्यार्थी, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही. १८१८ मध्ये साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवण्याची व्यवस्था ज्याने केली, तोच हा एल्फिन्स्टन. बाबांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, ते त्या दारासमोरून हलेनात. ॲपमध्ये एल्फिन्स्टन नाही. ही तक्रार नाही, पण आपल्या लोकांनी तिथे जावं म्हणून लिहिलं.

इथवर लिहून झालं आणि परवा ॲपचं अपडेट आलं. त्यात आता यादीची सोय आहे: जीपीएस बंद करून थांबा हाताने निवडायचा, सगळे भाग आधीच फोनवर उतरवून ठेवायचे. म्हणून काल पुन्हा अँकर क्लोजमध्ये गेले. स्मेलीचा भाग लावला आणि गल्लीत उभं राहून पहिल्यांदा पूर्ण ऐकला. छापखान्याचं वर्णन, ओली पानं वाळत घातलेली, बर्न्स फेऱ्या मारतोय. ऐकताना गल्ली वेगळीच दिसायला लागली. जे एवढे महिने मिळायला हवं होतं ते मिळालं, आणि म्हणूनच राग दुप्पट झाला. ही सोय पहिल्या दिवसापासून देता आली असती, त्याला उपग्रह लागत नाहीत, एक बटण लागतं. बॅटरीही आता दिवसभर टिकते, आधी दुपारीच जीव टाकायची. त्रास एवढाच की यादीतली अक्षरं बारीक आहेत आणि थांबे रस्त्याच्या क्रमाने नाहीत, इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावलेत. चालणाऱ्या माणसाला वर्णमालेचा काय उपयोग? हेही कळवलंय.

यादी चाळताना एक थांबा सापडला जो जीपीएसवर मला कधीच लागला नव्हता, कारण तो पर्यटकांच्या वाटेवर नाही. शीन्स भागात एका घराची मागची बाजू रस्त्यावरून दिसते. १७८६-८७च्या हिवाळ्यात तिथे ॲडम फर्ग्युसन या प्राध्यापकाकडे बर्न्स आला होता, आणि कोपऱ्यात पंधरा वर्षांचा वॉल्टर स्कॉट बसला होता. भिंतीवरच्या चित्रात बर्फात मरून पडलेला शिपाई, शेजारी त्याची बायको, कडेवर मूल. चित्राखालच्या ओळी वाचून बर्न्सचे डोळे भरून आले, आणि त्यानं विचारलं, या कोणाच्या? जमलेल्या विद्वानांपैकी कोणालाच आठवेना. उत्तर त्या पोराला माहीत होतं. दोघांची एवढीच भेट झाली. भोवती साधी राहती घरं आहेत, पाटी वाचायला मान वर करावी लागते. जरूर जा.

आता पैशांचं. महिन्याची योजना पाच पौंडांची आहे, आणि नीट फिरलात तर एका महिन्यात सगळे थांबे होतात. वर्षाची घेऊ नका. घेतली तरी त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा. ते खात्याच्या पानावर नाही, पेमेंटच्या आतल्या पानावर सगळ्यात खाली आहे. त्याआधी जॉर्ज फोर्थ ब्रिजवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक दुपार काढा. १८९०ची इमारत, कार्नेगीच्या देणगीतून उभी राहिलेली, आणि एडिंबरावरच्या पुस्तकांचा वेगळा संग्रह आहे. इथे राहणाऱ्यांना कार्ड फुकट मिळतं. ॲपमधलं निम्मं तिथे वाचायला मिळालं मला.

तारे तीन. यादीची सोय आली नसती तर एकच दिला असता. नूतनीकरणाच्या चाळीस पौंडांसाठी आता बँकेकडे दावा दाखल केलाय, निकाल लागला की इथेच खाली लिहीन.