सोबत आणि संगत

दोन्ही शब्दांचा अर्थ ‘बरोबर असणे’, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. रात्री घरी एकटं माणूस असलं की आपण सोबतीला जातो, संगतीला नाही. अंथरूण घातलं, दोन शब्द बोलून दिवा मालवला, की झाली सोबत. तिथे फक्त असणं पुरतं.

संगत मात्र माणसाला बदलते. ती लागते, धरली जाते, सुटतही नाही. ‘वाईट संगत’ हा शब्दप्रयोग सहज तोंडात येतो, ‘वाईट सोबत’ क्वचितच.

उगम पाहिला की हा फरक आणखी रंगतो. संगत संस्कृतातली, सम् आणि गम् यांतून आलेली: एकत्र जाणे, जुळणे. म्हणूनच सुसंगत, विसंगत हे शब्द तिचेच. गायकाला तबल्याची संगत हवी असते, ती या जुळण्यामुळेच.

सोबत आली अरबी ‘सुहबत’वरून, फारसीमार्गे. त्याच धातूचा ‘साहेब’, आणि त्याचा मूळ अर्थ सोबती! पुढे तो मालक झाला, मग वरिष्ठ. बरोबरीच्या माणसाचा शब्द वरच्या खुर्चीवर गेला याची मला खरंच हळहळ वाटते.

आज ‘अर्जासोबत’ कागदही जोडतात, इतकी सोबत पातळ झाली आहे. संगतीचं वजन मात्र अजून टिकून आहे. तरी आजारपणात उशाशी कुणी हवं असेल, तर मी सोबतच मागेन.