फिशिंगची चाचणी: घरच्या घरी की बाहेरची माणसं बोलावून?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमच्यासारखे चाळीस-पन्नास माणसांचे कारखाने पुष्कळ. फिशिंग म्हणजे ओळखीच्या नावाने खोटा मेल किंवा फोन करून पासवर्ड नाहीतर पैसे काढून घेणं. आपली माणसं त्याला फसतात का ते बघायला मुद्दाम तसाच मेल किंवा फोन करायचा, ही त्याची चाचणी. ती आपल्याच आयटीवाल्याकडून करून घ्यावी की बाहेरच्या कंपनीला पैसे मोजावेत, हा प्रश्न तिथे कधी ना कधी येतोच. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

घरची चाचणी म्हणजे बहुतेक वेळा गोफिश, चाचणीचे खोटे मेल पाठवून कोण फसलं ते दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, साध्या विंडोज किंवा लिनक्स मशीनवर चालतं. खर्च होतो तो आयटीवाल्याच्या वेळेचा. वेगळं डोमेन घ्यायचं, खोटं लॉगिन पान बनवायचं, आणि आपल्याच स्पॅम फिल्टरने मेल अडवू नये याची आधी सोय करायची. ती राहिली तर एकही जण फसलेला दिसत नाही आणि साहेब उगाच खूश होतात. आमच्याकडे उलटं झालं. मेल सुटला आणि दहा सेकंदांत बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी क्लिक केल्याचं दिसलं. त्यात रजेवर गावी गेलेला स्टोअरकीपरही होता! लिंका उघडल्या होत्या मेल तपासणाऱ्या स्कॅनरने. आणखी एक, लोकांनी टाइप केलेले पासवर्ड साठवायची सोय गोफिशमध्ये असते, ती बंदच ठेवा.

बाहेरच्या कंपनीचे पैसे वसूल होतात ते फोनवर. अकाउंट्समधल्या आमच्या मावशी मेलला कधीच फसल्या नाहीत. मग एका दुपारी सप्लायरच्या नावाने फोन आला: ‘बेन, जूनुं खातुं ऑडिटमां छे, आ वखते पेमेन्ट नवामां करजो ने.’ मावशींनी डायरीच्या कोपऱ्यात नवा खाते नंबर लिहूनही घेतला. चाचणी तिथेच थांबली. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने 2013 ते 2015 मध्ये क्वांटा या सप्लायरच्या नावाची खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून 10 कोटी डॉलरहून जास्त उकळले, तोही सप्लायरच्या नावाचाच खेळ. आता आमच्याकडे खातं बदलायचं असेल तर जुन्या बिलावरच्या नंबरला आपण उलटा फोन लावतो.

गेटमधून आत घुसून दाखवायची चाचणीही मिळते. लहान कारखान्याने तिच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत आयोवातल्या एका कोर्टाच्या इमारतीत 2019 मध्ये असे दोन परीक्षक कंत्राट असूनही पकडले गेले होते. चाचणी कुठलीही असो, मालकाच्या सहीचं परवानगीपत्र आधी हवं.

विषय निवडतानाही तारतम्य लागतं. वेबसाइटची नावं विकणाऱ्या गोडॅडी कंपनीने 2020 च्या डिसेंबरात कर्मचाऱ्यांना बोनसच्या आमिषाचा चाचणी-मेल पाठवला आणि नंतर माफी मागायची वेळ आली. दिवाळीच्या तोंडावर हा प्रकार आमच्याकडे झाला असता तर युनियनने गेट बंद केलं असतं.

क्लिकच्या टक्केवारीवर मी तरी फारसा विश्वास ठेवत नाही. मेल संशयास्पद असल्याची पहिली तक्रार किती मिनिटांत आली ते बघा. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत 15 महिने हा अभ्यास केला. फसलेल्याला तिथल्या तिथे धडा दाखवून उपयोग झाला नाही, पण कर्मचाऱ्यांनी कळवलेल्या संशयास्पद मेलवरून नवे हल्ले लवकर सापडले. म्हणून घरची असो वा बाहेरची, रिपोर्टमध्ये नावं नकोत. नावं फुटली की पुढच्या वेळी कोण कळवणार?

वीसपेक्षा कमी माणसं असतील तर दोन्ही चाचण्या सोडून द्या, आधी उलट्या फोनचा नियम आणि मेलला दुहेरी लॉगिन (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड वगैरे) लावा. त्याहून मोठ्यांनी मेलची चाचणी तीन महिन्यांनी घरी करावी, फोनची वर्षातून एकदा बाहेरून. कंपनी निवडताना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेची मान्यताप्राप्त ऑडिटरांची यादी बघावी, आणि फोन कुठल्या भाषेत करणार ते आधीच विचारावं. आम्ही नेमलेल्या पहिल्या कंपनीचा माणूस फाडफाड इंग्रजीत बोलला. मावशींनी ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला, आणि रिपोर्टात आम्ही पास!