वीस किलो ‘तयार’ दगड

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका पोराचा फोन आला. “काका, लाईव्ह रॉक मिळतोय. एकदम क्युअर्ड, थेट टँकमध्ये टाकायचा.” तोंडात आलेली शिवी गिळली आणि त्याला माझी गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

माझा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या समुद्री माशांचा, तीन फुटी, साधारण १९० लिटरचा. दोन क्लाउन, एक डॅमसेल असे तीन मासे आणि खाली सिरॅमिकचा दगड. आठ महिने कसलीही कटकट नव्हती. पण मोबाईलवर परदेशातले टँक बघायची सवय वाईट. जांभळ्या-गुलाबी शेवाळाने मढलेला त्यांचा तो दगड पाहिला की आपला टँक बाथरूमच्या फरशीसारखा वाटायला लागतो. अशी हौस विकणाऱ्याला लांबूनच कळते.

नवख्यांसाठी थोडं सांगतो. लाईव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा जुना, छिद्राछिद्रांचा सांगाडा. जिवंत असतं ते त्याच्या आत-बाहेर राहणारं: जिवाणू, स्पंज, किडे, शेवाळ. समुद्रातून काढून ओल्या कागदात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यातून आणेपर्यंत यातलं बरंच मरतं, मेलेलं कुजतं आणि कुजलं की अमोनिया सुटतो. म्हणून दगड वेगळ्या टबात ठेवायचा, वर पॉवरहेडचा (पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाचा) जोरदार प्रवाह सोडायचा, सुटेल ते ब्रशने घासून काढायचं आणि पाणी बदलत राहायचं. याला काही आठवडे लागतात. त्यानंतर पाणी न बदलता बरेच दिवस अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट शून्यावर राहिले, तर दगड क्युअर झाला म्हणायचा. ‘पाणी न बदलता’ हे तीन शब्द मला तेव्हा पाठ असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

माल बघायला गेलो तो मध्य रेल्वेच्या एका स्टेशनजवळच्या इमारतीत. छोटी खोली, तीन टब, वर निळे दिवे. निळ्या प्रकाशात दगड असा काही चमकत होता की विचारू नका. देव कुठे दिसला नाही, अगरबत्त्या मात्र दोन-दोन जळत होत्या. फरशी ओली होती, कोपऱ्यात मिठाच्या दोन रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. हे सगळं मी पाहिलं आणि कशाचाच अर्थ लावला नाही.

विकणारा पोरगा बोलायला गोड. “सर, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः टेस्ट करा,” म्हणत त्याने टेस्ट किटची नळी माझ्याच हातात दिली. टबातलं पाणी घेतलं, एका बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, पाच मिनिटं थांबलो. मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाहिलं तर रंग पिवळाधमक, म्हणजे अमोनिया शून्य. त्याने हौसेने माझा फोटोही काढला. साडेपाचशे रुपये किलोने वीस किलो घेतला, अकरा हजार यूपीआयने दिले. घासाघीस करायचीसुद्धा लाज वाटली, इतका माणूस प्रामाणिक! बिलावर ‘डेकोरेशन स्टोन’ लिहिलेलं घरी आल्यावर दिसलं.

मी तपासलं ते पाणी. दगड तपासलाच नव्हता. ते पाणी त्या दिवशी सकाळीच कालवलेलं असणार. त्यात अमोनिया येणार कुठून?

रात्री आठला दगड टँकमध्ये रचला. सकाळी सहाला बायकोने उठवलं, “फ्रीज बंद पडलाय का बघ.” फ्रीज चालू होता. हॉलमध्ये भर पावसाळ्यात बोंबील वाळत घातल्यासारखा वास. स्किमरचा (पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राचा) कप भरून तपकिरी फेस खाली गळत होता, तिन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. टेस्ट गडद हिरवी. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि तिथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो, हे पुस्तकात वाचलेलं असतं; समोर घडताना बघणं वेगळं. घरात मिठाचं तयार पाणी होतं जेमतेम चाळीस लिटर. तेवढं बदललं. डॅमसेल दुपारी गेला, एक क्लाउन संध्याकाळी. दुसरा कोपऱ्यात उभ्याने पोहत रात्रभर राहिला आणि सकाळी दिसला तो स्किमरच्या पाईपला चिकटलेला.

दगड बाहेर काढून उलटा केला तेव्हा सगळं कळलं. वरची बाजू घासून लख्ख केलेली. खाली मात्र तळहाताएवढा करडा-काळा स्पंज. बोट लावलं तर साय निघावी तसा सुटून आला. तो वास साबणाने तीनदा हात धुऊनही जेवताना येत होता.

फोन केला. “सर, तुमच्या पाण्यात काहीतरी प्रॉब्लेम असेल. माझ्याकडे शून्य होता, तुम्हीच टेस्ट केलीत ना?” बरोबरच होतं. मी पोलिसात जाईन म्हणालो. त्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, “जा ना सर. पण दगड तुमच्या घरात आहे. शेड्यूल वन माहीत आहे ना?”

मला माहीत नव्हतं. विकताना त्याने हाच दगड इंडोनेशियातल्या फार्मचा सांगितला होता. दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो, म्हणजे बाहेरून आणलेल्या मालाला तसे कागद हवेत. मी मागितले नाहीत, त्यानेही दाखवले नाहीत. आणि आपल्या समुद्रातला म्हणाल, तर दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजेच शेड्यूल वनमध्ये आहे, वाघाच्या पंगतीत. कच्छचं आखात असो, मन्नारचं असो, लक्षद्वीप असो की आपलं मालवण, कुठलाही तुकडा उचलता येत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि वर दंड. प्राणिशास्त्र शिकवलेल्या एका शेजाऱ्यांना दगड दाखवला. त्यांनी भिंग लावलं आणि चांदण्यांसारखे बारीक खळगे मलाही दाखवले. “हा दगड नाही हो, हे प्रवाळाचं घर आहे,” म्हणाले.

मासे मारणं ही त्याची चूक असेल, पण गिऱ्हाईक तक्रार करायला धजणार नाही, हे त्याच्या धंद्याचं खरं भांडवल. टँकवाल्यांत दबक्या आवाजात विचारलं तेव्हा आणखी दोघे निघाले. दोघेही गप्प बसले होते, त्याच भीतीने.

शेवटी वकील मामेभावाने अर्ज लिहून दिला आणि दगड वनखात्याच्या स्वाधीन केला. त्याआधीच्या दोन रात्री झोप नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू. अकरा हजार गेले ते गेलेच. टँकमध्ये परत सिरॅमिक आहे, बाटलीतले जिवाणू घालून सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजवणं, नव्याने सुरू केली आहे.

आता कोणी पक्के कागद दाखवून असा माल विकलाच, तर मी आधी एकच तुकडा घरी आणेन, माझ्या बादलीत, मी कालवलेल्या पाण्यात दोन दिवस ठेवेन, मग टेस्ट करेन. आणि खालची बाजू नाकाला लावून बघेन, अगरबत्तीशिवाय.

गेल्या आठवड्यात फोन करणाऱ्या त्या ओळखीतल्या पोराच्या मोबाईलवर मी जाहिरात पाहिली. माल मला फसवणाऱ्या त्याच विक्रेत्याचा. ‘हंड्रेड परसेंट क्युअर्ड, अमोनिया झिरो, ग्राहकाने स्वतः तपासलेला.’ खाली फोटो: निळा प्रकाश, पिवळी नळी आणि ती धरलेला हात. अनामिकेतली पोवळ्याची अंगठी माझी आहे.