धाडस की धैर्य?

वर्तमानपत्रात ‘धाडसी दरोडा’ सर्रास छापून येतो. ‘धैर्यशील दरोडा’ कुणी लिहिलेला पाहिलाय? धाडसाला चांगल्या-वाईटाशी देणंघेणं नसतं. जोखीम दिसतेय, तरी उडी मारली, झालं धाडस. म्हणून आई ओरडते, “नसतं धाडस करू नकोस.” ‘नसतं धैर्य’ मात्र कानाला खटकतं.

धैर्य हा शब्द ‘धीर’वरून आला. त्यात टिकून राहणं आहे. धाडस आपण ‘करतो’; धैर्य ‘दाखवतो’, ते ‘खचतं’ही. धीर तर दुसऱ्याला देताही येतो, धाडस कसं देणार?

पुण्यातलीच उदाहरणं घ्या. 1670 मध्ये तानाजी मालुसरे रात्री सिंहगडाचा कडा चढले, ते धाडस. 1848 पासून सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला जात. अंगावर शेण-चिखल यायचा, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायच्या. याला मी धैर्यच म्हणेन. (तानाजींकडे धैर्य नव्हतं असं नाही, भांडायला येऊ नका.)

आणि संध्याकाळी लक्ष्मी रस्ता ओलांडणं? धाडस. पार्किंग शोधणं मात्र धैर्याचं काम.