सोसायटीतील ‘मोफत कानतपासणी’ आणि माझे १,५३,८२० रुपये

ज्यांच्या घरात वयस्कर माणसे आहेत आणि ज्यांच्या सोसायटीच्या फलकावर ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत श्रवण तपासणी’ असा कागद लागला आहे, त्यांनी हे शिबिराच्या दिवसाआधी वाचावे. मुलुंड पूर्वेला आमच्याच इमारतीच्या सभागृहात भरलेल्या अशा शिबिरात कानाच्या मशीनच्या नावाखाली माझ्याकडून १,५३,८२० रुपये काढले गेले. हिशेब असा आहे: दोन मशीनची ‘मूळ किंमत’ १,८६,००० रुपये, ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत देऊन १,२४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून २२,३२० रुपये आणि वर ‘सर्व्हिस पॅकेज’चे ७,५०० रुपये. त्यांपैकी २५,००० रुपये रोख दिले, ज्याची पावती आजतागायत मिळालेली नाही, आणि उरलेले १,२८,८२० रुपये मुलाच्या क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत गेले.

आधी जीएसटीचेच सांगते, कारण ते वाचून तरी कोणी सावध होईल. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. ते करमुक्त वस्तूंच्या यादीत आहे. बिलावर यंत्राच्या किमतीवर कर लावलेला दिसला, तर तिथूनच उठावे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे, त्यामुळे मला आकडे कळत नाहीत असे कोणी समजू नये. १,२४,००० चे १८ टक्के २२,३२० होतात हे मी मनातल्या मनात पडताळून पाहिले होते आणि ते बरोबर होते. हा कर मुळात लागतच नाही, हे सामान्य ग्राहकाने कुठून जाणायचे?

मोफत तपासणी, मग भीती, मग ‘आजच्यापुरती’ सवलत, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही होता. फुटपाथवर कोणी मशीन विकत असते तर मी ढुंकूनही पाहिले नसते. पण इथे फलकावर सोसायटीच्या सेक्रेटरींची सही होती, शेजारच्या विंगमधील ओळखीची माणसे रांगेत बसली होती आणि पांढरा कोट घातलेला तरुण ‘काकू, सावकाश या’ म्हणून हात देत होता. त्याच्या कार्डावर ‘हिअरिंग एक्सपर्ट’ असे छापलेले होते. ‘एक्सपर्ट’ ही पदवी नव्हे, हे लक्षात ठेवा. ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकणे तपासून यंत्र जुळवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाची, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, त्याला नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता त्या क्षणाविषयी, ज्याची आठवण झाली की आजही माझा संताप होतो. सभागृहातील तीन पंखे चालू होते, मागे कोणीतरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढत होते आणि त्या गोंगाटात माझ्या कानांवर हेडफोन चढवून टॅबवर तपासणी उरकण्यात आली. कानात टॉर्च लावून पाहिले नाही. कानामागच्या हाडावर कोणतेही उपकरण ठेवले नाही. मी त्याला सांगू लागले की माझा डावा कान लहानपणी फुटलेला आहे, अनेक वर्षे वाहत होता आणि त्या बाजूने मला पहिल्यापासूनच कमी ऐकू येते. माझे वाक्य अर्ध्यावर असतानाच तो म्हणाला, “काकू, ते सगळं मशीन ओळखतं.” मग त्याने छापील आलेख माझ्या हातात ठेवला. त्यावर उजव्या कानाची लाल गोल चिन्हे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या जवळजवळ एकमेकांवर बसलेल्या होत्या. दोन्ही कान सारखेच! ज्या कानाला मी साठ वर्षे फोन लावलेला नाही, तो आणि माझा चांगला कान त्या कागदावर जुळे भाऊ होते. मी तो कागद चांगला न्याहाळला होता आणि तो चुकीचा आहे हे मला कळत होते. पण तोवर तो माझ्याकडे पाठ करून माझ्या मुलाशी फोनवर बोलू लागला होता: “दादा, आईंच्या नसा सुकत चालल्या आहेत. सहा महिन्यांत काहीच ऐकू येणार नाही, मग स्मृतिभ्रंश सुरू होईल.” आईला विसरण्याचा आजार होणार असे ऐकल्यावर कोणता मुलगा कार्डाचा नंबर देणार नाही? त्याला मी दोष देत नाही आणि दुसऱ्या कोणाला देऊ देणार नाही.

या धमकीतील खरे-खोटे वेगळे करून सांगते, कारण खऱ्याचा आधार घेऊनच हे लोक घाबरवतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ च्या अहवालांत श्रवणदोषाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये गणले आहे, हे खरे आहे. पण अमक्या व्यक्तीला सहा महिन्यांत स्मृतिभ्रंश होईल, असे त्यावरून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. वयानुसार कमी होणारे ऐकणे बहुतेकदा वर्षानुवर्षे हळूहळू घटते. एका आठवड्याने निर्णय लांबला म्हणून काही बिघडत नाही. मात्र एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले, तर ती तातडीची बाब आहे आणि तेव्हा मशीनवाल्याकडे न जाता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धावले पाहिजे.

मशीन लावल्यावर काय झाले ते सांगते. ओट्यावर सुनेने स्टीलचा डबा ठेवला की कानात खिळा ठोकल्यासारखे होई. कुकरच्या शिट्टीने कानठळ्या बसत. आणि नात समोर बसून बोलत असताना आवाज मोठा येई, पण शब्द कळत नसत. तक्रार केली की फोनवर एकच उत्तर ठरलेले: “सवय होईल.” नव्या आवाजांची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात, हे खरे आहे. पण त्या काळात ऑडिओलॉजिस्ट पुन्हा पुन्हा बोलावतो, विचारतो, यंत्राची जुळणी बदलतो. ‘सवय होईल’ म्हणून फोन ठेवून देणे ही सेवा नव्हे. पुढे माझा डावा कान पुन्हा वाहू लागला, कारण जुने छिद्र असलेल्या कानात त्यांनी घट्ट बसणारे रबराचे टोक घातले होते.

त्यानंतर भाचीने मला एका नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्टबाईंकडे नेले. तपासणी कशी असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आधी कानात पाहिले गेले. मग आवाजबंद खोलीत बसवून, एकेका कानाला वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवले; ऐकू आला की बटण दाबायचे. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तेच पुन्हा केले, कारण दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, हे त्यावरूनच समजते. एका कानाची परीक्षा चालू असताना दुसऱ्यात खरखर सोडली, म्हणजे तो मदतीला येऊ नये. शेवटी शब्द ऐकवून ते म्हणून दाखवायला सांगितले. माझ्या उजव्या कानात खालच्या पट्टीचे आवाज जवळजवळ ठीक आहेत आणि वरच्या पट्टीचे गेले आहेत. स, श, फ यांसारखी व्यंजने तिथेच असतात, म्हणून आवाज येतो पण शब्द निसटतो. शिबिरातील मशीन मात्र सर्व पट्ट्या सारख्याच वाढवत होते. डाव्या कानाचा प्रकार पूर्ण वेगळा निघाला आणि त्यासाठी मला आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आले.

पण यंत्रांना हात लावण्याआधी त्या बाईंनी जे केले, त्याने मला खरा फरक दाखवला. त्यांनी माझ्या समोर, उजेडात बसून, भाचीकडे न पाहता मला विचारले, “तुम्हाला कुठे आणि कोणाचं ऐकू यायला हवं आहे?” आजवर हे मला कोणीही विचारले नव्हते. मी सांगितले की नातीचे बोलणे, देवळातील कीर्तन, फलाटावरची घोषणा आणि एक्झॉस्ट पंखा चालू असताना सुनेचे बोलणे. त्यांनी ते क्रमाने लिहून घेतले आणि सांगितले की यंत्र चांगले की वाईट, हे आपण या यादीवरून ठरवायचे. त्याच वेळी घरच्यांना समोर येऊन बोलण्यास सांगितले. व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारी श्रवणसेवा ती हीच. नंबर न काढता चष्मा विकणाऱ्याला आपण दारात उभे करणार नाही. कानाच्या बाबतीत मात्र हे सर्रास चालते. जो मशीन विकण्याआधी तुमच्या दिवसाविषयी एकही प्रश्न विचारत नाही आणि तुमच्याऐवजी तुमच्या मुलाशी बोलतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

त्यांनीच यंत्रावरील अनुक्रमांक उत्पादक कंपनीला कळवायला लावला. उत्तर आले की हे सर्वांत साधे मॉडेल असून त्याची वॉरंटी दोन वर्षांपूर्वीच सुरू झालेली आहे. म्हणजे आधी कोणाच्या तरी कानात राहिलेले किंवा दाखवण्यासाठी वापरलेले यंत्र नव्या नावाने माझ्या गळ्यात मारले गेले होते. घरी येऊन सुनेने खोक्यावरचे किमतीचे चिकटपत्र नखाने हळूच सोलले, तर खाली दुसरे चिकटपत्र होते: एका नगाची किंमत १९,९९० रुपये. दोन्हींचे ३९,९८० होतात. हा आकडा मी पुन्हा पुन्हा लिहून पाहिला आहे.

आता ज्यांनी दाद द्यायची त्यांच्याविषयी. सोसायटीच्या कमिटीने ‘आम्ही फक्त हॉल भाड्याने दिला’ असे सांगून हात झटकले. भाडे किती घेतले, हे मात्र अजून सांगत नाहीत. विक्रेत्याने बिलावरील ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याकडे बोट दाखवले. पोलीस ठाण्यात काचेपलीकडे बसलेल्या अंमलदाराचे बोलणे मला कळेना, म्हणून मी कागद पुढे करून लिहून देण्याची विनंती केली, तर त्यांनी कागद बाजूला सारून मुलाला सांगितले, “मशीन मिळालं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” जुने यंत्र नवे म्हणून विकणे आणि किमतीवर दुसरी किंमत चिकटवणे ही फसवणूक नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम कोणासाठी लिहिले आहे? क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेने ‘व्यवहार ओटीपीने झाला आहे’ एवढेच कळवून हप्ते चालू ठेवले. सर्वांत मोठा संताप त्या तक्रार निवारण यंत्रणेचा येतो, जिच्या अर्जात मी ठळक अक्षरांत लिहिले होते की मला फोनवर ऐकू येत नाही, कृपया संदेश पाठवावा. तिथून फोन आला. मला तो समजला नाही. आणि ‘तक्रारदाराचा प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली. ऐकू न येण्याविषयीची तक्रार ऐकू आले नाही म्हणून बंद होते, याला काय म्हणावे? एका कार्यालयात तर मला दिव्यांग प्रमाणपत्र आणायला सांगितले. २०१६ च्या कायद्यानुसार ‘कमी ऐकू येणे’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी. माझ्यासारखी, त्याच्या थोडी अलीकडे असलेली माणसे ना प्रमाणपत्रात बसतात, ना सवलतीत, आणि नेमकी हीच माणसे या शिबिरांत सापडतात.

‘माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का कायद्यापुढे टिकत नाही, हे मला नंतर एका वकील विद्यार्थिनीने सांगितले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पोलीस ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने उपायुक्तांकडे पाठवता येते. हे दोन्ही मी केले आहे. सर्व पत्रव्यवहार लेखीच करा. फोनवर दिलेल्या आश्वासनाचा कोणताही पुरावा उरत नाही.

मुंबईत राहून ही वेळ कोणावर यावी, याचेच वाईट वाटते. वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात ऑडिओलॉजीचे शिक्षण देणारा विभाग आहे, आणि पालिकेच्या इतर मोठ्या रुग्णालयांतही कानाची ओपीडी चालते. तिथे रांग असते, ती लावा. तपासणीचा आलेख स्वतःजवळ ठेवा, तो तुमचा आहे. यंत्र घरी वापरून पाहण्याची मुदत लिहून मागा. पैसे देण्याआधी अनुक्रमांक कंपनीकडे तपासा.

भांडुप ते ठाणे या पट्ट्यात अशा शिबिरातून कोणी मशीन घेतले असेल, तर त्यांनी खोक्यावरचे चिकटपत्र उजेडात धरून पाहावे आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. खोके मात्र कोणाच्याही हाती देऊ नये. माझी तक्रार दाखल झाल्यानंतर त्यांचा एक माणूस घरी आला आणि ‘मोफत सर्व्हिसिंगसाठी खोक्यासकट मशीन द्या’ म्हणू लागला. सुनेने दार उघडले नाही, म्हणून ते खोके आज आयोगापुढील पुराव्यांत आहे.