बांधकाम चालू असलेला फ्लॅट की तयार ताबा?

पुण्यात पुनावळे, वाघोली, उंड्री, कुठेही गेलात तरी सेल्स ऑफिसात पहिला चहा आणि दुसरा नमुना फ्लॅट. तिथले पलंग मुद्दाम छोटे बनवलेले असू शकतात, म्हणून टेप घेऊनच जा आणि रेरा कार्पेट, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे बाहेरच्या भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, मोजा.

चालू बांधकामात दर कमी सांगतात, पण ५ टक्के जीएसटी वर येतो. ८० लाखांच्या फ्लॅटवर सरळ ४ लाख. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला तो लागत नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखंच.

खरा घोर ताब्याचा. एकीकडे भाडं, दुसरीकडे कर्जाचं व्याज, आणि साइटवर तोच तिसरा मजला! महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि तिला मिळालेल्या मुदतवाढी आधी बघा. कायद्याने उशिराबद्दल व्याज मागता येतं, पण ते भांडून मिळवावं लागतं. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मात्र देऊ नका. बिल्डरला ती मागताच येत नाही.

तयार घरात निवड कमी. हवा तो मजला, पूर्वेची बाल्कनी आधीच गेलेली असते. पण उन्हाळ्यात टँकर किती येतात हे वॉचमनला विचारता येतं, आणि मला ते ब्रोशरमधल्या स्विमिंग पूलपेक्षा मोलाचं वाटतं. भाड्याने राहत असाल तर तयारच घ्या. स्वतःचं छप्पर असेल आणि बिल्डरच्या जुन्या सोसायट्यांत चौकशी केली असेल, तरच थांबण्यात अर्थ आहे.